फुस्स झालं की श्वास बंद

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. मी तुझे फोन घेत नाही म्हणून तू फुगून बसली असशील हे मला ठाऊक आहे. पण फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू मध्येच विचारतेस, "धावत आलास का रे?" मी खुर्चीत बसलेला असतो. मग सांगायचं होतं तेच राहून जातं. कागदावर बरं असतं. इथे मला हवं तेवढं लांब वाक्य ठोकता येतं आणि मध्ये दम खायला थांबलो तरी तुला कळत नाही.

तर बातमी. खोकला काही हटत नव्हता म्हणून तुझ्या भावजयीने मला जवळजवळ मानगूट धरून इस्पितळात नेलं. तिथे एका नळीत फुंकायला लावलं, छातीचे फोटो काढले आणि डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, एम्फिसिमा. गॅरेजमध्ये मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "कुठल्या कंपनीची?" त्याला वाटलं नवी गाडी आली.

बाईंनी चित्र काढून दाखवलं. छातीत म्हणे द्राक्षांच्या घडासारखे बारीक फुगे असतात. माझ्या बऱ्याच फुग्यांच्या भिंती फाटल्यात आणि लहान लहान फुग्यांचे मोठे ढगळ फुगे झालेत. हवा आत येते ती चिवट पाहुण्यासारखी बाहेर पडायचं नाव घेत नाही. सिगारेट हे मोठं कारण, आणि इतकी वर्षं गाड्यांवर रंग फवारला त्याचाही वाटा आहेच. मी विचारलं, भिंती परत उभ्या राहतील का. त्या म्हणाल्या, नाही, पण उरलेल्या सांभाळता येतील. पत्रा असता तर मी पुटी भरून, घासून, कुणाच्या बापाला कळणार नाही असा करून दिला असता. छातीचं तसं नाही.

नर्सबाईने एक पंप दिलाय. दाबला की औषध बाहेर येतं, ते श्वासाबरोबर आत ओढायचं, रोज सकाळ-संध्याकाळ. शिकवायला तिच्याकडे रिकामा पंप होता, त्यावर माझ्याकडून करून घेतलं. दाबा, ओढा, रोखून धरा. रोखायची पाळी आली तेव्हा ती घड्याळाकडे बघतच राहिली. तिला काय माहीत माझा धंदा. गाडीच्या दाराच्या कडेला रंगाची गन मारताना छाती हलली की हात हलतो, आणि हात हलला की रंगाचा ओघळ येतो. गन सुरू की श्वास बंद, हे मी शिकलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. श्वास रोखण्यात माझा हात कोण धरणार?

काळजी करू नकोस. सगळं ठीक आहे.

तुझा
छोट्या (वय वर्षं अठ्ठावन्न)


१९ नोव्हेंबर

प्रिय छोट्या,

"काळजी करू नकोस" असं तू मला आधीही म्हणाला आहेस. तेव्हा तू झाडाखाली पडला होतास आणि तुझा हात कोपरातून भलत्याच दिशेला वळला होता. त्यामुळे ते वाक्य मी वाचलंच नाही असं समज.

पत्र दुकानातच उघडलं. खुर्चीत एक बाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, आलेच, आणि टॉवेलांच्या खोलीत जाऊन रडले. चांगली भरपूर रडले. बाहेर आले तोवर त्यांचे केस ठरल्यापेक्षा दोन छटा जास्त काळे झाले होते. त्या खूश होऊन गेल्या, मला पुढच्या वेळेला पुन्हा असंच करा म्हणाल्या. तुझ्या आजाराने निदान एका बाईचं भलं केलं.

तुझ्या डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य मात्र मला आवडलं, उरलेल्या सांभाळता येतील. माझ्याकडे केस गळतात म्हणून येणारे सगळे गेलेल्या केसांसाठी गळा काढतात. मी त्यांना सांगते, गेले ते गेले, आहेत त्यांच्याशी नीट वागा. तुलाही तेच. सिगारेट बंद म्हणजे बंद, एकसुद्धा नाही. गन हातात घ्यायची नाही. आणि इस्पितळात अशा लोकांसाठी व्यायामाचा वर्ग असतो असं मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं, तो आहे का ते विचार.

आता मनातलं बोलते. मला तुझ्या आजाराची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती तुझी वाटते. आपल्या घरातल्या पुरुषांना आजारापेक्षा अंथरूण जास्त प्रिय. बाबांना फक्त एवढंच सांगितलं होतं की आता जड उचलू नका. ते घरी येऊन जे भिंतीकडे तोंड करून झोपले ते झोपलेच. मला त्यांचा अजून राग येतो. तू तसं केलंस तर तुझाही येईल आणि माझा राग कसा असतो ते तुला माहीत आहे.

खरंखुरं लिही.

ताई


८ डिसेंबर

प्रिय ताई,

खरंखुरं लिहितो. सिगारेट सुटली. पंप चालू आहे, छान आहे. मालक भला माणूस, त्याने मला फवारणीच्या खोलीतून काढून रंग मिसळायच्या खोलीत बसवलंय. तिथे एक टेबल आहे, वजनकाटा आहे, खिडकी आहे. गिऱ्हाइकाच्या गाडीचा रंग बघायचा आणि तसाच रंग डब्यात तयार करायचा. येणारा-जाणारा दारातून डोकावून विचारतो, "काय, बरं आहे ना?" शोकेसमधल्या बाहुलीला कुणी असं विचारत नाही एवढाच फरक.

व्यायामाचा वर्ग आहे. पुढे बघू.

थंडी फार आहे, त्यामुळे पत्र लहान.

छोट्या


२० डिसेंबर

ती. ताईंस सा. न.

मी पत्र लिहिलंय हे यांना सांगू नका. "ताईला काही कळवलंस तर याद राख" अशी तंबी मिळाली आहे. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि मला आता एकटीला पेलवत नाही.

यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण सिगारेट सुटलेली नाही. न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवून ओढतात आणि वर मलाच सांगतात की शेजाऱ्यांचा धूर येतो. शेजारी महिनाभर गावाला गेलेत. पंप टेबलाच्या खणात पडून आहे. सुरुवातीला रोज घेतला, अगदी वेळेवर घेतला, मी साक्षीदार आहे. काडीचाही फरक पडला नाही. मग म्हणाले, हे औषध म्हणजे तोंडाला पानं पुसायचा धंदा आहे, माणसाला काहीतरी हातात दिलं की तो गप्प बसतो.

गेल्या आठवड्यापासून कामावर जात नाहीत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून बसले ते बराच वेळ उठता आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई पाणी घेऊन आल्या. त्याची यांना फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी स्वतःची गन पुसून, तेल देऊन, फडक्यात गुंडाळून माझ्या हाती मालकांकडे पाठवली. म्हणाले, आता हिचा मला काय उपयोग.

काल मी कामावरून आले तर हे दुपारचेच आडवे झाले होते, तोंड भिंतीकडे. ताई, तुमच्या बाबांचे ते दिवस मी नवी नवरी असताना पाहिलेत.

तुम्ही मोठ्या आहात. काहीतरी करा.

आपली
भावजय


२७ डिसेंबर

प्रिय छोट्या,

तुझं पत्र आखूड होतं म्हणून हे लांबलचक लिहिणार होते, पण मला एकच गोष्ट विचारायची आहे. उत्तर टाळलंस तर मी दुकान बंद करून, पिशवी भरून तुझ्या दारात येऊन उभी राहीन. घोरते किती ते तुला माहीत आहे.

तू लिहिलंस पंप छान आहे. छान म्हणजे काय? ज्याने फरक पडतो ते छान. तू मात्र फरकाबद्दल अवाक्षर काढलेलं नाहीस, त्यामुळे मी समजायचं ते समजले. आता ऐक. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, तुम्ही दिलेलं तेल भिकार आहे. मी भांडत नाही. मी विचारते, लावलंत कसं ते पहिल्यापासून सांगा. निम्म्या बायका तेल केसांच्या टोकांना लावतात आणि फरकाची वाट बघतात टाळूवर. एका बाईंनी तर ते आंघोळ झाल्यावर लावायचं सोडून आंघोळीच्या पाण्यात घातलं होतं.

तर तू पंप कसा घेतोस ते मला लिही. एखाद्या नव्या माणसाला दार रंगवायला शिकवतोस तसं, काही न गाळता. आणि त्याखेरीज जे खरं आहे तेही लिही. मी ओरडणार नाही. ओरडले तरी तुला ऐकू येणार नाही, हा पत्राचा फायदा.

ताई


६ जानेवारी

प्रिय ताई,

घरभेद्याशिवाय तुला हे कळलेलं नाही, पण त्याचा तपास नंतर.

आधी तुझा पंप. टोपण काढतो. जोरात हलवतो, हे मला कुणी शिकवायला नको, रंगाचा डबा न हलवता उघडणारा माणूस मी नव्हे. फुप्फुसातली हवा सगळी बाहेर सोडतो. पंप तोंडात, ओठ घट्ट. दाबतो. फुस्स होतं. श्वास रोखतो, नर्सबाईने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट रोखतो. मग सोडतो. जिभेवर कडवट राहतं ते चूळ भरून टाकतो. झालं. याच्यात चूक काढून दाखव.

आता दुसरं. सिगारेट सुटलेली नाही. कामावर जात नाही. खरं सांगायचं तर, ताई, मला रोज सकाळी उठायचं कशाला हेच कळत नाही. औषध घेतलं तरी तेच, नाही घेतलं तरी तेच. जिना चढताना कुणीतरी छातीवर बसल्यासारखं होतं. मग वाटतं, ज्याचा इलाजच नाही त्याच्याशी झटापट कशाला? बाबांचा तुला राग येतो. मला हल्ली त्यांचं म्हणणं पटायला लागलंय.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. फाडून टाक.

छोट्या


१२ जानेवारी

प्रिय छोट्या,

फाडलं नाही. पाच वेळा वाचलं, आणि पाचव्यांदा मी दुकानात मोठ्याने "अरे गाढवा" म्हणाले. खुर्चीतल्या बाईंनी मान वळवली, त्यांची क्षमा मागावी लागली.

काय झालं ते सांगते. त्या निवृत्त न्यायाधीश आहेत, कुणाला भीक न घालणाऱ्या. केस सेट करून मी फवारा हातात घेतला. अजून दाबलाही नव्हता तोवर बाईंनी डोळे मिटले, ओठ आवळले आणि श्वास बंद केला. मी हे रोज बघते. सगळेच करतात, पोरंसोरंसुद्धा. फुस्स म्हटलं की माणूस श्वास रोखतो, हा शहाणपणाच आहे. पण त्या दिवशी तुझं पत्र माझ्या झग्याच्या खिशात होतं आणि माझा हात तसाच वर राहिला.

छोट्या, तू सगळं लिहिलंस. टोपण लिहिलंस, हलवणं लिहिलंस, चूळ भरणंही लिहिलंस. तुझ्या त्या अख्ख्या वर्णनात श्वास आत घेतल्याचं कुठेच नाही. वाच पुन्हा. दाबतो, फुस्स होतं, रोखतो. अरे, मग ओढतोस कधी?

जन्मभर गनचा आवाज आला की तुझी छाती आपोआप बंद होते. नर्सबाईचा पंप रिकामा होता, त्याला आवाजच नव्हता, म्हणून तिच्यासमोर तू शहाण्यासारखं केलंस. घरी खऱ्या पंपाचा फुस्स झाला आणि तू दाराची कडा रंगवायला लागलास. औषध सगळं जिभेवर आणि तिथून मोरीत. ते कडवट लागतं तेच तुझं औषध होतं, बाळा. तू ते आजवर एकदाही घेतलेलं नाहीस. मग गुण येत नाही म्हणून कुणावर रुसलायस?

माझं चुकतही असेल. म्हणून असं कर. बायकोला शेजारी बसव, तिचा हात पाठीवर ठेवायला सांग आणि पंप दाब. छाती कधी थांबते ते ती सांगेल. तिच्यावर चिडायचं नाही. तपास वगैरे बंद. तिने मला लिहिलं नसतं तर मी आज तुला पत्र लिहायच्या ऐवजी तुझ्या नावाने बोटं मोडत बसले असते.

मग पंप घेऊन नर्सबाईकडे जा. जिना उतरताना वाटेत बसावं लागलं तर बस. खालच्या बाईंनी पाणी दिलं तर पी आणि थँक्यू म्हण. दम लागणं हा गुन्हा नाही.

ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या भावजयीने पाठीवर हात ठेवला. मी पंप दाबला. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "अहो, फुस्स व्हायच्या आधीच थांबला की तुमचा श्वास." मग आम्ही दोघांनी बराच प्रयत्न केला. मी मनाला बजावायचो, ओढायचं, ओढायचं. बोट पंपावर गेलं की छाती म्हणायची, सांभाळ, ओघळ येईल. इतक्या वर्षांची इमानी छाती, तिला एका दिवसात बेइमानी कशी शिकवणार?

नर्सबाईसमोर खरा पंप दाबून दाखवला. तिने कपाळाला हात लावला, आणि मग माझी माफी मागितली, म्हणजे मलाच कसंसं झालं. तिने एक प्लॅस्टिकचं नळकांडं दिलं. एका टोकाला पंप लावायचा, दुसरं टोक तोंडात. फुस्स होतं ते नळकांड्यात. तेव्हा माझी छाती थांबायची तर थांबू दे, औषध आत थोडं थांबतं. छातीचा गैरसमज दूर झाला की मी सावकाश ओढतो. इतकं सोशिक औषध मी पाहिलं नव्हतं.

फरक? जादू नाही झाली. पहिले काही दिवस मला वाटलं तूही चुकलीस, आणि तुला हे कळवायला मला जरा मजाही आली असती. मग एक दिवस जिन्याच्या वळणावर मी नेहमीसारखा कठडा धरला आणि लक्षात आलं की आज बसावंसं वाटत नाहीये. उभा राहिलो, ओठांचा चंबू करून सावकाश हवा सोडली, वर्गात शिकवतात तसं, आणि पुढची पायरी चढलो. खालच्या बाई पाण्याचा पेला घेऊन दारात आल्या होत्या. प्यायलो. थँक्यू म्हणालो. तुला रिपोर्ट पाहिजे असतो म्हणून लिहितोय.

हो, वर्गात जातोय. तिथे आम्ही सगळे चंबूवाले. एक निवृत्त पोस्टमन आहे, एक गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत. खुर्चीतून उठा, बसा, उठा, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन वर करा. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल म्हाताऱ्यांचं सैन्य तयार होतंय.

सिगारेट मात्र छळते. डॉक्टरीणबाईंनी दंडाला लावायच्या पट्ट्या दिल्यात. गेल्या आठवड्यात एक ओढली. लपून नाही, बायकोला सांगून ओढली. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि उरलेलं पाकीट पाण्यात बुडवलं. तेव्हापासून नाही.

छोट्या


१६ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

एक ओढलीस हे वाचून हात शिवशिवले. पण सांगितलंस, म्हणून माफ. पाकीट पाण्यात बुडवणाऱ्या बाईला माझा नमस्कार सांग. तिचे केस मी फुकट कापीन, जन्मभर.

नर्सबाईला आणि मला दोघींनाही वाटलं होतं की तू शिकलास. आपण माणसाला शिकवतो, त्याच्या सवयीला नाही, हे मी आता माझ्या तेलवाल्या बायकांनाही लागू केलंय. दोन जणींना समोर बसवून त्यांच्याच हाताने तेल लावून घेतलं.

कामाचं काय ठरवलंस ते तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाहीये. नुसतं म्हणतेय.

ताई


२१ मे

प्रिय ताई,

मध्ये बरेच दिवस गेले. तू रागावलेली असणार, पण ऐक. एप्रिलमध्ये साधी सर्दी झाली आणि तिने मला लोळवलं. आठवडाभर छाती कुरकुरत होती. बायकोने डॉक्टरीणबाईंना लगेच दाखवलं, औषधं वाढवली, बरा झालो. पण त्या आठवड्यात मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं होतं. तुझ्यापासून लपवत नाही. फरक इतकाच की या वेळेला कंटाळा आला. त्या भिंतीवर पाहण्यासारखं काही नाहीच, आणि रंगही कुणीतरी अगदी गचाळ मारलाय. मी उठून खुर्चीत बसलो.

परवा पुन्हा नळीत फुंकून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "फुप्फुसांची ताकद जेवढी होती तेवढीच आहे." मला कळेना की तोंड पाडायचं की हसायचं. त्या म्हणाल्या, या आजारात हे ऐकायला लोक तरसतात. मी घरी येऊन तुझ्या भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, गेल्या दहा वर्षांत या घरात न घटलेली ही एकच गोष्ट.

आता कामाचं. मी मार्चपासूनच जातोय, अर्धा दिवस. तुला लिहिलं नाही, कारण टिकेल याची खात्री नव्हती. शोकेसमधली बाहुली वगैरे मी उगाच बोललो. दारातून डोकावणाऱ्यांना मीच आता आत बोलावतो आणि कामाला लावतो, हा डबा काढ, तो पत्रा उजेडात धर.

काल गॅरेजमध्ये एक जुनीपुराणी गाडी ओढून आणली. गंजून चाळण झालेली. एका गृहस्थांच्या आईची होती, त्यांना ती होती तशी करून हवी आहे. एकेक भाग शोधत, बनवत जायचं काम, दोन-तीन वर्षं सहज लागतील, आणि ते म्हणतात मला घाई नाही. तिचा मूळ रंग कुठेच उरलेला नाही. मी वाकून, मध्ये मध्ये थांबून, सगळी गाडी तपासली. डिकीच्या गालिच्याखाली नखाएवढा तुकडा सापडला. हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर राखाडी. असा रंग मी आयुष्यात पाहिला नाही.

मालक म्हणाला, "गन मारायला माणसं आहेत माझ्याकडे. पण हा रंग तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, आणि शेवटचा हात बसेपर्यंत तू लागशील. घेऊ का काम?"

मी गाडीला हात टेकवून उभा राहिलो. त्याला वाटलं दम लागला, त्याने स्टूल पुढे केलं. दम लागला नव्हता. मी हिशेब करत होतो, ही गाडी तयार होऊन दारातून बाहेर पडेल तेव्हा मी असेन का. ज्या दिवशी आजाराचं नाव कळलं त्या दिवसापासून मी पुढच्या महिन्यापलीकडचं काही ठरवलं नव्हतं. कुणी पुढच्या वर्षाचं बोललं की विषय बदलायचो.

मग मी म्हणालो, "घे."

ताई, मला जगायचंय. हे मी बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. मोठ्याने म्हणायला गेलो तर मध्येच श्वास तुटेल आणि तिला ते काहीतरी दुखतंय असं वाटेल, म्हणून पहिलं तुला लिहून सांगतोय.

तुझा
छोट्या